गढी, वाडा आणि देवघर : ग्रामीण वास्तूंच्या धार्मिक स्वरूपाविषयीं कांहीं विचार

इतिहासाचीं साधनें मुख्यतः दोन, एक कागद आणि दुसरें दगडमाती. आमच्या महाराष्ट्रांतील संशोधकांचा ओढा पहिल्यापासून कागदाकडे. कै. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनीं गांवोगांव हिंडून दप्तरें धुंडाळलीं, इ. स. १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें, आणि तेव्हांपासून माळ्यावरचा रुमाल खालीं उतरविणें हेंच संशोधनाचें पहिलें पाऊल ठरलें. या उद्योगाचें ऋण फेडतां येण्यासारखें नाहीं. परंतु रुमाल ज्या माळ्यावरून उतरविला त्या माळ्याकडे, आणि तें माळें ज्या वाड्याचें त्या वाड्याकडे, आम्हीं पाठ फिरविली, हेंहि तितकेंच खरें आहे. या उपेक्षेमुळें एक साधा प्रश्न आम्हांस अजून नीट सोडवितां येत नाहीं. खेड्यांतील मोठ्या वाड्याचें किंवा गढीचें धर्मकृत्यांत स्थान काय होतें, आणि तें कशावरून ठरवावयाचें? प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे.

या प्रश्नाची चर्चा दुसऱ्या एका देशांत गेलीं शंभर वर्षें चालू आहे. तिच्यांत आमच्या उलट चूक झालेली असल्यामुळें ती आम्हांस उपयोगी आहे. भूमध्य समुद्रांतील क्रीट बेटावर इ. स. पू. सुमारें १७०० ते १४५० या काळांत मोठमोठे राजवाडे होते. त्यांतील क्नोसोस येथील वाड्याचें उत्खनन सर आर्थर इव्हान्स यांनीं इ. स. १९०० मध्यें सुरू केलें, व १९२१ ते १९३५ या वर्षांत चार खंडांत त्याची हकीकत प्रसिद्ध केली. परंतु बेटावर या राजवाड्यांखेरीज आडगांवांतून पसरलेलीं अनेक मातबर घरेंहि सांपडलीं. तिलिसोस येथील तीन घरें हात्झिदाकिस यांनीं १९०९ ते १९१३ च्या दरम्यान उकरलीं. नीरू खानी येथील घर खांथुदिदिस यांनीं १९१८ च्या पुढें उजेडांत आणलें. वाथिपेत्रो येथील घर मारिनातोस यांनीं १९४९ पासून खणलें. घडीव दगडांच्या दर्शनी भिंती, वर मजला, आंत उजेडासाठीं सोडलेले उघडे चौक, ओळीनें दरवाजे असलेलीं दालनें, मोठमोठ्या रांजणांनीं भरलेल्या कोठ्या, द्राक्षें तुडविण्याच्या कुंड्या, असा त्यांचा थाट आहे. आमच्याकडील चौकाचा वाडा ज्यानें पाहिला आहे, त्यास हें वर्णन परकें वाटणार नाहीं.

या घरांना धर्माच्या दृष्टीनें काय समजावें, येथें वाद सुरू होतो. नीरू खानीचें उदाहरण घेऊं. तेथें कांशाच्या पातळ पत्र्याच्या चार मोठ्या दुधारी कुऱ्हाडी सांपडल्या. या कुऱ्हाडींनीं लांकूड तुटणार नाहीं, म्हणून त्या पूजेच्या, हा तर्क योग्यच आहे. शेजारच्या खोल्यांत चुन्यांत घडविलेलीं सुमारें चाळीस तिपाई नैवेद्यपीठें रचून ठेवलेलीं आढळलीं. एवढ्यावरून हा वाडा महापुजाऱ्याचा असें मत पुढें आलें, आणि इव्हान्स यांनीं तर हें सामान समुद्रापार धर्मप्रसारासाठीं सांठविलें असावें असाहि तर्क लढविला.

या तर्काची परीक्षा करण्यास क्रीटला जाण्याची आवश्यकता नाहीं. एकावर एक रचलेल्या चाळीस पीठांवर कोणी पूजा करीत नाहीं. रचलेली वस्तु सांठा सिद्ध करते, पूजा सिद्ध करीत नाहीं. आमच्याकडे ग्रामदेवतेचे चांदीचे मुखवटे, पालखीचा दांडा, अबदागिरी, छत्रचामरें हीं अनेक गांवीं देवळांत नसतात. मानकऱ्याच्या वाड्यांत कुलुपांत असतात, आणि यात्रेच्या दिवशीं वाजतगाजत देवळांत जातात. उद्यां असा वाडा जमिनीखालीं गडप झाला आणि दोन हजार वर्षांनीं कोणीं उकरला, तर मुखवटे पाहून तो त्यास देऊळ म्हणेल आणि पाटलास पुजारी ठरवील. वस्तुतः पाटील पुजारी नव्हता. तो राखणदार होता आणि मानाचा धनी होता. पूजा गुरवाची, राखण पाटलाची, मान दोघांचा निरनिराळा. हा भेद दगडावर उमटत नाहीं.

दुसरें उदाहरण खांबांचें. इव्हान्स यांनीं १९०१ सालींच वृक्ष व स्तंभ यांच्या पूजेवर एक निबंध लिहिला होता. पुढें क्नोसोस येथील तळघरांतल्या चौकोनी खांबांवर दुधारी कुऱ्हाडीची खूण दिसतांच ते खांब स्वतःच पूज्य ठरले. आडगांवांतील घरांत असा खांब सांपडला कीं ती खोली देवाची, असा पायंडा पडला. परंतु तीच खूण इतर साध्या भिंतींच्या चिऱ्यांवरहि आढळते. ती पाथरवटाची असूं शकते. शिवाय खांब पूजिला गेला असें मानलें, तरी तो कितीदां पूजिला? आमच्याकडे मुहूर्तमेढीला हळदकुंकू वाहून, आंब्याचे टहाळे बांधून तिची यथासांग पूजा होते. कार्य उरकलें कीं मेढ म्हणजे निव्वळ लांकूड. एका दिवसाच्या पूजेवरून वास्तूचें कायमचें स्वरूप ठरविणें धोक्याचें आहे.

शब्दसुद्धां फसवितात. भिंतींतील दिवा ठेवावयाच्या कोनाड्यास आपण देवळी म्हणतों. शब्दावर जावें तर प्रत्येक ओसरीवर चारपांच देवळें निघतील! उलट, ज्या उंबरठ्यावर रोज रांगोळी पडते, ज्या चुलीस सणावारीं कुंकू लागतें, ज्या जात्याची लग्नांत पूजा होते, त्या उंबरठ्यावर, चुलीवर वा जात्यावर पूजेची एकहि खूण टिकत नाहीं. तात्पर्य, जेथें खूण दिसते तेथें धर्म असेलच असें नाहीं, आणि जेथें धर्म नित्य असतो तेथें खूण राहीलच असें नाहीं.

क्रीटच्या संशोधकांना दोष देतांना त्यांची अडचण लक्षांत घेणें न्यायाचें होईल. त्यांच्यापाशीं वाचतां येणारे कागद नाहींत. तिलिसोस येथें मातीच्या लेखपट्टिका सांपडल्या, पण त्यांवरील लिपि आजतागायत उलगडलेली नाहीं. १९५२ मध्यें मायकेल व्हेंट्रिस यांनीं जी लिपि उलगडली ती तिची धाकटी बहीण होय. ज्याच्यापाशीं कागद नाहीं त्यानें दगडास अधिक बोलावयास लावावें, हें स्वाभाविक आहे. पुढील पिढीनें आपली चूक ओळखलीहि. १९९२ सालीं अथेन्स येथील स्वीडिश संस्थेंत या घरांच्या उपयोगाविषयीं एक परिषद भरली. तिचे निबंध रॉबिन हेग यांनीं १९९७ मध्यें छापले. शेतीचें केंद्र, वसुलीचें ठाणें, जहागिरदाराचें घर, पूजेचें स्थान, अशा अनेक बाजूंनीं विचार होऊन, सर्व घरांस एकच नांव लावणें बरोबर कीं नाहीं येथपर्यंत चर्चा गेली. त्यांच्यापाशीं दगड आहे आणि कागद मुका आहे. आमच्यापाशीं कागद बोलका आहे, आणि दगड आम्ही आपल्या हातानें मुका करीत आहों.

आतां आपल्या घराकडे वळूं. ज्या धामणगांव बढें येथें बसून मी हें लिहीत आहें, तें बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यांत आहे. या सर्व वऱ्हाड प्रांतांत गढी हा शब्द लहान मुलासहि ठाऊक आहे. गांवाच्या उंचवट्यावर, बहुधा पूर्वीच्या वस्तीच्या थरांवरच, पांढऱ्या मातीच्या जाड भिंती चढविलेल्या, कोपऱ्यांस बुरूज, एकच मोठा दरवाजा आणि त्यांत माणूस वांकून जाईल एवढी दिंडी, आंत देवड्या, मग सदर, मग चौक, चौकाभोंवतीं सोपे, मागें माजघर व स्वयंपाकघर, वर धाब्याचें माळवद, भिंतींत धान्याचीं बळदें आणि जमिनीखालीं पेंवें, आवारांत आड. पेंढारी आले, लुटारू आले, तर गांव आंत घ्यावयाचें, धान्य आंत ठेवावयाचें आणि सरकारचा वसूल सदरेवर मोजून घ्यावयाचा, अशा तिहेरी कामासाठीं ही वास्तु बनलेली असते. तिची सर्व रचना संरक्षण आणि सांठवण यांतून निघालेली आहे. धर्मांतून निघालेली नाहीं.

मग गढींत धर्म कोठें आहे? देवघर आहे, पण तें लहान, बहुधा माजघराला लागून, आणि कुळाचें. चौकांत तुळशीवृंदावन आहे, तेंहि घरचें. गांवाच्या धर्मकृत्यांतील गढीचें स्थान या दोहोंपेक्षां अगदीं वेगळ्या जागीं आहे. तें आहे दरवाजापुढील मोकळ्या पटांगणांत, वेशींत आणि होळीच्या माळावर. पोळ्याच्या दिवशीं तोरणाखालून पहिला बैल कोणाचा जावयाचा, होळीची पूजा प्रथम कोणीं करावयाची, दसऱ्यास सीमोल्लंघनाला पुढें कोणीं चालावयाचें, लग्नांत पहिला विडा कोणास द्यावयाचा, या मानपानांत गढीचें धार्मिक स्थान सांठविलेलें आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ च्या ‘गांव-गाड्यां’त या मानपानाचें आणि त्यावरून होणाऱ्या तंट्यांचें वर्णन परखडपणें केलेलें आहे. हे मान एका भिंतीसहि चिकटलेले नाहींत. तोरण सायंकाळीं उतरतें, होळीची राख दुसऱ्या दिवशीं उडते. उत्खननकाराच्या कुदळीस यांतलें कांहींएक लागणार नाहीं.

तें लागतें कागदास. मानासाठीं भाऊबंद भांडले, दोन पाटील भांडले, देशमुख आणि पाटील भांडले, म्हणून गोतसभा भरल्या. पांढरीचे साक्षीदार उभे राहिले. महजर झाले, करीने लिहिले गेले, वतनपत्रें पुन्हां करून घेतलीं गेलीं. आपल्या जुन्या कागदांत ‘काळी’ म्हणजे शेतजमीन व ‘पांढरी’ म्हणजे वस्तीची जागा असा भेद आहे, आणि पांढरीची शपथ खोटी घेऊं नये असा धाक आहे. ज्या पांढऱ्या मातीची गढी, तीच पांढरी साक्षीला. वास्तु आणि हक्क यांचें नातें याहून स्पष्ट कोणत्या शब्दानें सांगावें? पुढें इंग्रजी अमलांत या हक्कांचा दिवाणी भाग निराळा पडला, आणि १९६२ च्या कायद्यानें महाराष्ट्रांतील मुलकी पाटलांचें वंशपरंपरागत पदहि गेलें. मान मात्र अनेक गांवीं मागें राहिला. म्हणजे हक्क गेल्यावर आचार उरला आणि गढी ढांसळली. अशा वेळीं केवळ पडक्या भिंती पाहून काय निष्कर्ष निघणार?

याच जिल्ह्यांतील सिंदखेड राजा येथील वास्तु या दृष्टीनें पाहण्याजोगी आहे. लखुजी जाधवराव यांच्या राजवाड्याचें महाद्वार आणि तटाचा भाग तेथें उभा आहे. नीलकंठेश्वराचें देऊळ राजवाड्याच्या आंत नाहीं, बाहेर आहे. राजघराण्यानें त्याची जोपासना केली, पण त्यास आपल्या चौकांत ओढून आणलें नाहीं. २५ जुलै १६२९ रोजीं लखुजी व त्यांचे पुत्र दौलताबादेस निजामशाही दरबारांत मारले गेले. पुढें घराण्याचा एक मोठा आधार देऊळगांव राजा येथें झाला, आणि तेथील बालाजीचें देवस्थान जाधवराव घराण्याच्या आश्रयानें वाढून त्याचा आश्विनांतील उत्सव प्रसिद्धीस आला. म्हणजे धर्मकार्याचें यजमानपद घराण्याबरोबर गेलें. सिंदखेडच्या भिंतींबरोबर राहिलें नाहीं. वास्तु एके ठिकाणीं, मान दुसऱ्या ठिकाणीं!

पण गोष्ट येथें संपत नाहीं. जिजाबाईंचा जन्म सिंदखेडास झाला, यामुळें आज दरवर्षीं १२ जानेवारीस याच राजवाड्यापाशीं हजारो माणसें जमतात, पहाटे पूजन होतें, लोक उंबरठ्यास मस्तक लावतात. ज्या काळीं राजवाडा नांदता होता, त्या काळीं तो पूजास्थान नव्हता. ओस पडल्यावर शेंकडों वर्षांनीं तो पूजास्थान झाला. उद्यांच्या संशोधकास तेथें फुलांचे देठ आणि दिव्यांचें तेल सांपडेल, आणि तो तें सतराव्या शतकाच्या नांवावर घालील. क्रीटच्या घरांतून सांपडलेल्या पूजाद्रव्यांपैकीं कितीक अशींच मागाहून आलेलीं असतील, ही शंका आपल्या अनुभवावरून घेण्यास हरकत नाहीं. सुदैवानें सिंदखेडच्या बाबतींत आपल्यापाशीं कागद आहेत, आणि कै. यादव माधव काळे यांनीं १९२४ सालीं ‘वऱ्हाडचा इतिहास’ लिहून पुढील अभ्यासकांची वाट सोपी करून ठेवली आहे.

कागद व वास्तु दोन्ही असतांनाहि त्यांची ताटातूट कशी होते, याचें उदाहरण वाईजवळच्या मेणवलीचें. नाना फडणीस यांचा हा वाडा कृष्णेच्या कांठीं आहे. आंत एकामागून एक चौक, भिंतींवर चित्रें. मागील बाजूस नदीकडे उतरणारा प्रशस्त घाट, घाटावर मेणेश्वराचें व विष्णूचें देऊळ, आणि तेथेंच १७०७ सालची एक फिरंगी घंटा, जी १७३९ मधील वसईच्या विजयानंतर इकडे आली असें सांगतात. येथें देवळें वाड्याला लागून आहेत, पण घाटाच्या बाजूस, जेथें गांवकरी व वाटसरू यांस येतां येईल अशा जागीं. घरचें देवघर आंत, लोकांचा देव घाटावर. मध्यें वाड्याची भिंत. ही विभागणी आखणाऱ्यानें समजून केलेली आहे, आणि घाट, देऊळ व वाडा एकत्र पाहिल्यावांचून ती ध्यानांत येत नाहीं.

याच वाड्यांतून नानांचें मेणवली दप्तर कै. दत्तात्रेय बळवंत पारसनीस यांच्या हातीं आलें. त्यांनीं तें राखलें नसतें तर मराठी राज्याच्या उत्तरकालाचें आपलें ज्ञान आज आहे त्याहून पुष्कळ दरिद्री राहिलें असतें. त्यांचा संग्रह साताऱ्याच्या संग्रहालयांत गेला आणि १९३९ सालीं तेथून पुण्यास डेक्कन कॉलेजांत आला. दप्तर सुरक्षित झालें हें उत्तम. पण दप्तरांतील देवस्थानखर्चाचा कागद हातीं घेऊन घाटावर उभा राहणारा अभ्यासक किती वेळां दिसतो? वास्तु पाहणारे मेणवलीस जातात आणि चित्रांचें कौतुक करतात. कागद वाचणारे पुण्यांतच बसतात. दोघेहि अर्धेंच पाहतात.

दुसऱ्यांस नांवें ठेवतांना स्वतःचा अपराध लपविणें योग्य नव्हे. पुष्कळ वर्षांपूर्वीं एका खेड्यांतील वाड्यांतून कांहीं रुमाल मीं स्वतः बाहेर आणले. निम्मे देवघराशेजारच्या लांकडी पेटींत होते आणि निम्मे सदरेवरच्या फडताळांत. घाईंत मीं ते एकाच पोत्यांत भरले. पुढें वाचावयास बसलों तेव्हां नवरात्राच्या खर्चाच्या दोन याद्या निघाल्या. एकींत तेल थोडें, दुसरींत फार. एक यादी घरच्या घटाची आणि दुसरी गांवच्या देवीची, हें उघड होतें. पण जीवर तेल फार तीच गांवची, असें म्हणण्यास आधार काय? देवघराच्या पेटींतली कोणती आणि सदरेवरच्या फडताळांतली कोणती, एवढें टिपलें असतें तर वाडा गांवच्या उत्सवाचा यजमान होता कीं केवळ वर्गणीदार, याचा निकाल तत्काळ लागला असता. वाडा पुढें पाडला गेला. कागद माझ्यापाशीं अक्षर न् अक्षर शाबूत आहेत, आणि उत्तर मात्र कायमचें गेलें आहे.

यावरून ग्रामीण वास्तूच्या धार्मिक स्थानाचा निर्णय करतांना तीन गोष्टी मागितल्या पाहिजेत असें माझें मत आहे. पहिली, ती जागा त्या कामासाठींच होती कीं तेथें केवळ सामान ठेवलें होतें, याचा वास्तूंतील पुरावा. दुसरी, तो हक्क कोणाचा होता हें सांगणारा महजर, वतनपत्र किंवा जमाखर्च. तिसरी, आज चालू असलेला आचार, आणि तो केव्हांपासूनचा याची चौकशी. तिन्ही जुळल्यास निर्णय पक्का. दोन जुळल्यास संभाव्य. एकच असल्यास तो तर्क म्हणून सांगावा, सिद्धांत म्हणून नव्हे. या मापानें मोजलें तर क्रीटमधील बहुतेक पुजाऱ्यांचीं घरें पहिल्याच पायरीवर थांबतील. आमचीं मात्र पुष्कळशीं तिसरीपर्यंत पोहोंचतील, जर आम्हीं वेळेवर हात चालविला तर.

वेळ थोडा आहे. गढीची पांढरी माती धाब्यावर घालण्यास उत्तम, शेतांत टाकण्यासहि उत्तम, म्हणून ती पिढ्यान्‌पिढ्या खणली जात आहे. बुरूज गेले, मग सोपा गेला, मग सागवानी खांब विकले गेले. ज्याचें घर आहे त्यास दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. त्याच्या डोक्यावरचें माळवद गळतें. आमचें कर्तव्य एवढेंच कीं, दप्तर उचलण्यापूर्वीं वाड्याचा साधा नकाशा काढावा. रुमाल कोणत्या खोलींत, कोणत्या फडताळांत होता तें त्याच रुमालावर चिठ्ठी लावून लिहावें. देवघराचें तोंड कोणीकडे, आंत देव कोणते, गांवचें कोणतें सामान घरांत राखलेलें आहे, पोळ्यास व होळीस मान कोणाचा, हें घरांतल्या वडीलधाऱ्या माणसांस, विशेषतः बायकांस, विचारून टिपून घ्यावें. या कामास एक दिवस लागतो.

संग्राहकांनीं हा दिवस द्यावा, एवढीच विनंति. कागदावर शिक्का असतो, मोर्तब असतें. पण तो कागद कोणत्या उंबरठ्याआड ठेवला होता हें त्याच्यावर कोणीं लिहिलेलें नसतें. तें लिहिणें आपलें काम आहे.

धामणगांव बढें, जिल्हा बुलढाणा.